मैदानाच्या मातीतले औषध

पहिल्या पावसात मैदानावर दरवळणारा मातीचा वास सगळ्यांनाच आवडतो. तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील जिवाणूंमुळे येतो. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन आणि आज वापरात असलेली अनेक प्रतिजैविके याच जिवाणूंनी दिली आहेत.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पिंपरीचे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीजन्य रोगांवरचे ‘हमायसिन’ शोधले. १९६१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. जिवाणूला नाव मिळाले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

कुंभकोणमजवळची कावेरीची गाळमाती, कोकणातली तांबडी, देशावरची काळी: प्रत्येकीतली जिवाणूंची वस्ती निराळी. म्हणूनच माझे मत असे की, विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच थर्माकोलचा ज्वालामुखी मांडण्यापेक्षा छात्रांनी आपल्या मैदानाची माती तपासावी.

पद्धत साधी आहे. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात दहा-दहा पट पातळ करत न्यायची, अगरच्या थाळीवर पसरायची आणि उगवलेल्या वसाहती एकेक करून वेगळ्या वाढवायच्या. रोगजंतू शाळेत आणायचे नाहीत; चाचणीला पावाचे यीस्ट पुरे. ज्या वसाहतीभोवती यीस्ट वाढत नाही, तिथे काहीतरी आहे! मात्र शिक्षकांची देखरेख, हातमोजे आणि शेवटी प्रत्येक थाळी ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे, ही शिस्त हवीच.

खरी कसोटी पुढे असते. ते द्रव्य शुद्ध करून त्याची रचना ओळखणे हे मोठ्या प्रयोगशाळेचे काम. तिथेही बहुतेक वेळा हाती लागते ते आधीच ठाऊक असलेले द्रव्य, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून प्रशिक्षकांना विनंती: गुण निकालाला नव्हे, नोंदवहीला द्या. माती कुठली, तारीख कोणती, काय उगवले, काय नाही उगवले, हे प्रामाणिकपणे लिहिणारा छात्रच उद्या संशोधक होईल.

हा केवळ छंद नव्हे. जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. जखमी जवानासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. नवे औषध मिळायला वर्षे लागतात. तोवर हाती असलेली औषधे जपणे पालकांच्याही हातात आहे: डॉक्टरांनी न सांगता प्रतिजैविक देऊ नका, आणि सांगितलेला डोस अर्ध्यावर सोडू नका.