अंगणात उघडून ठेवलेली जीप



रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र या महिन्यात आमच्यापुढे आहे. त्यांच्या मरहूम सासऱ्यांकडे १९६८ सालची महिंद्राची जीप होती. आंब्याच्या पेट्या, लग्नाचे वऱ्हाड, रात्रीअपरात्री अडलेल्या बाईला इस्पितळात पोहोचवणे, सगळे त्या जीपवर. त्यांच्या इंतिकालानंतर थोरल्या मुलाने, म्हणजे या भगिनीच्या पतीने, ती गाडी स्वतःच्या हाताने पुन्हा उभी करायचे मनावर घेतले. चार दिवसांत गाडी सुटी झाली. त्याला आता पाच वर्षे झाली.

भगिनी लिहितात, "पहिले सहा महिने रोज काम चाले. आता ताडपत्रीखाली मांजर व्याली आहे. विकून टाकू म्हटले तर अब्बांची आठवण विकायची का, म्हणतात. पूर्ण करा म्हटले तर गप्प बसतात. दीर-नणंदा टोमणे मारतात. मुलाचा हात पत्र्याने कापला. यांना उमेद कशी द्यावी?"

हा प्रश्न एका घराचा नाही. कुठे जीप असते, कुठे बुलेट, कुठे होडी, कुठे अर्धे बांधलेले घर. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

सर्वांत आधी हे समजून घेऊ, की काम बंद पडते ते माणूस आळशी असतो म्हणून नव्हे. गाडी उघडणे सोपे असते. रोज काहीतरी सुटते, ढीग वाढतो, खूप काम झाल्यासारखे वाटते. मग मधला टप्पा येतो. चॅसीचा गंज खरवडणे, झिजलेल्या किंगपिन बदलणे, कमान्यांची पाने धुऊन पुन्हा बांधणे, ब्रेकच्या नव्या नळ्या वाकवून बसवणे. महिनाभर राबूनही बघणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही. उलट पहिल्या दिवशी जी निदान गाडी दिसत होती, ती आता भंगार दिसते. उमेद सुटते ती नेमकी इथे. भगिनीच्या पतीचे मौन हे बहुधा या टप्प्याचे मौन आहे.

अशा वेळी मोठ्या निश्चयाचा उपयोग होत नाही. पैगंबर (स.) यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे, की अल्लाहला ते काम अधिक प्रिय असते जे नियमाने होते, मग ते थोडे का असेना. ही गोष्ट इबादतीला लागू आहे तशी ती पान्या-पकडीलाही लागू पडते. रविवारी आठ तास राबून पुढे तीन महिने गाडीकडे न बघण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस इशानंतर पाऊण तास बरा. काम थांबवताना उद्याचे पहिले काम कागदावर लिहून गाडीवर चिकटवावे. "डावीकडच्या मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर काढणे" इतके नेमके. "ब्रेकचे काम" असे लिहिले तर दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची याच विचारात पाऊण तास जातो.

दुसरी गोष्ट, सुट्या भागांची. हरवलेला एक बोल्ट जितकी उमेद मारतो तितकी पैशाची टंचाईही मारत नाही. प्रत्येक जोडणीचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. शक्य असेल तिथे बोल्ट काढल्यावर पुन्हा त्याच्याच भोकात हाताने फिरवून ठेवावा. उघडण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढावेत. पाच वर्षांपूर्वी हे केले नसेल तर आता पहिला महिना फक्त याच कामाला द्यावा. डबे, पिशव्या, यादी. काय आहे, काय नाही, काय घ्यायचे आहे. या कामात घरातली मुलेही हात लावू शकतात, आणि यादी पूर्ण झाली की डोंगराची टेकडी होते.

तिसरी गोष्ट, गाडी लवकरात लवकर चाकांवर उभी करावी. चॅसी, कमान्या, पुढचा-मागचा ॲक्सल, स्टिअरिंग, ब्रेक, चाके, एवढे झाले की गाडी ढकलता येते. ढकलता येणारी वस्तू डोळ्याला गाडी दिसते. ती अंगणातून पडवीत घेता येते, कधी गॅरेजपर्यंत ओढून नेता येते. रंगाची घाई मात्र नको. पुष्कळजण उत्साहाच्या भरात आधी बॉडी चकाचक करतात आणि मग इंजिन बसवताना तिच्यावर ओरखडे काढतात.

कोकणात ऋतूचेही भान हवे. जून ते सप्टेंबर उघड्यावर पत्राकाम आणि रंगकाम होत नाही. दमट हवेत रंगाची चकाकी मरते आणि खरवडलेल्या लोखंडाला प्रायमर लागायच्या आत पुन्हा गंज धरतो. पावसाळ्यात टेबलावरची कामे काढावीत. कार्बुरेटर साफ करणे, डायनॅमो आणि स्टार्टर उघडणे, गिअरबॉक्सची बेअरिंगे आणि ऑइल सील बदलणे, वायरिंगचा नवा जुडगा बांधणे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पत्रा आणि रंग. असे वाटून घेतले की पावसाने काम अडले, अशी खंत राहत नाही.

काही सुटे भाग गावात मिळणार नाहीत. मुंबईत कुर्ल्याला आणि पुण्यात नाना पेठेत जुन्या-नव्या सुट्या भागांचा बाजार आहे. पण यादी हातात असल्याशिवाय जाऊ नये, आणि जुना भाग नमुन्याला बरोबर न्यावा. जुन्या जीपचे एक बरे आहे. ही गाडी आपल्याकडे आलीच मुळी सुट्या भागांत. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. परदेशातून आलेले विलीज जीपचे भाग मुंबईत माझगावला जोडून तिने गाड्या बनवल्या. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. सांगायचे एवढेच, की जी गाडी कामगारांनी पाने-पकडींनी जोडली, ती धीराने पुन्हा जोडता येते.

लांबलेल्या कामाची उदाहरणे जगात कमी नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात केन इमहॉफ या गृहस्थाने आपल्या घराच्या तळघरात लॅम्बोर्गिनी काउंटाशसारखी गाडी स्वतःच्या हाताने घडवली. त्याला १७ वर्षे लागली. गाडी बाहेर काढायला तळघराची भिंत फोडून बाहेर उतार खणावा लागला. आपल्या इतिहासातले नाव घ्यायचे तर अल-जझरी. दियारबकरच्या अर्तुकी राजांच्या पदरी पंचवीसेक वर्षे काम केल्यावर १२०६ साली त्याने यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यात ५० यंत्रांची रचना दिली आहे. त्याच्या एका पंपात फिरत्या गतीतून दट्ट्या पुढे-मागे सरकतो. गाडीच्या इंजिनात याच्या उलट होते, पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट फिरतो.

आता लोकांच्या बोलण्याबद्दल. कुरआनात हजरत नूह (अ.स.) यांचा किस्सा आहे. ते नाव बांधत होते आणि कौमचे सरदार जाता-येता त्यांची थट्टा करत होते. आपली जीप म्हणजे नूहची नाव नव्हे, आणि टोमणे मारणारे दीर-नणंदा म्हणजे ती कौम नव्हे, हे उघड आहे. पण थट्टेला उत्तर देण्यात वेळ न घालवता हातातले काम चालू ठेवावे, एवढा धडा तर प्रत्येकाला घेता येतो. हजरत दाऊद (अ.स.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्या मापात बसवण्याची ताकीद दिली, हेही कुरआनातच आहे. लोखंडाचे काम नीट मापाने करणे ही हलकी गोष्ट नव्हे.

मात्र दीर-नणंदांच्या बोलण्याची दुसरी बाजूही आहे आणि आमच्या मते या पत्रातला खरा पेच तिथे आहे. ही जीप एकट्या थोरल्या मुलाची आहे का? मरहूमचे कर्ज आणि वसीयत फेडल्यावर जे उरते ते वारसांचे असते. त्यात जीपही आली. सासूबाई हयात असतील तर त्यांचा आठवा हिस्सा. मरहूमचे आई-वडील हयात नसतील तर उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. नणंदांचा हक्क अंगणातल्या लोखंडातही आहे. हा हिशोब न करता पाच वर्षे पैसे ओतले गेले, तर गाडी तयार झाल्याच्या दिवशी भांडण उभे राहील. कदाचित त्याच धास्तीने हात थांबला असेल. तेव्हा सगळ्यांना बसवून मशवरा करावा. गाडीची आजची किंमत दोन माहितगारांकडून ठरवून घ्यावी. एक तर इतरांचे हिस्से चुकते करून गाडी आपल्या नावे घ्यावी, नाहीतर सगळ्यांनी मिळून ती सामाईक ठेवायची आणि खर्च कोण किती करणार, हे लिहून काढावे. शंका असेल तिथे जवळच्या आलिमांना विचारावे.

कागदपत्रेही याच टप्प्यावर बघावीत. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे गाडी करायची, असा नियम आहे. तो काळ उलटला असेल तर आरटीओत जाऊन पुढचा मार्ग विचारावा. चॅसीवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळतो का, हे पत्रा चढवण्याआधी पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. ५० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. तिची मुदत दहा वर्षांची असते. पण त्यासाठी चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. म्हणून रुंद टायर, वेगळे इंजिन असले बेत खर्च करण्याआधीच तपासावेत. गाडी बनली आणि रस्त्यावर येऊ शकली नाही, याहून मोठा उमेदभंग नाही.

पैशाचे एकच सांगतो. महिन्याची रक्कम ठरवावी, वहीत लिहावी, आणि ती मुलांच्या फीमधून किंवा आईच्या औषधातून येऊ देऊ नये. व्याजाचे कर्ज तर मुळीच नको. ज्या महिन्यात पैसे नाहीत त्या महिन्यात फक्त घाम लागेल असे काम काढावे. गंज खरवडायला ब्रश आणि हात पुरतात.

मुलाचा हात कापला, हे वाचून वाईट वाटले. सुट्या पत्र्याच्या कडा जुन्या पाइपने झाकाव्यात आणि अंगणाचा तेवढा भाग बांबू लावून बंद करावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कोणीही शिरू नये, खाली भक्कम स्टँड हवेत. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवल्याशिवाय वेल्डिंग नको, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच धोक्याची समजावी. जुन्या ब्रेक शूची धूळ फुंकू नये, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

भगिनींनी पतीला "कधी होणार?" असे विचारणे सोडून द्यावे. त्याऐवजी "आज काय बसवले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नाही, दुसऱ्याचे रोज असू शकते. चहा घेऊन पाच मिनिटे शेजारी उभे राहावे, बॅटरी धरावी. मुलगा मोठा असेल तर त्याला पाना हातात द्यावा. आजोबांची जीप नातवाला कळते ती अशी.

आणि सगळे करूनही मन लागत नसेल तर? थांबण्यात गुन्हा नाही. एक मुदत ठरवावी, म्हणजे पुढच्या रमजानपर्यंत गाडी चाकांवर उभी राहिली तर पुढे जायचे, नाहीतर ती अशा माणसाला द्यायची जो ती पूर्ण करील. पिशव्या-चिठ्ठ्यांसह नीट लावलेल्या गाडीला ढिगाऱ्यापेक्षा चांगली किंमत येते, म्हणून यादीचे काम वाया जात नाही. पैसे आले की प्रत्येक वारसाला त्याचा हिस्सा द्यावा, आणि मरहूमच्या नावे काही सदका करावा. वडिलांची आठवण लोखंडातच राहते असे नाही. ज्या जीपने लोकांना वेळेला इस्पितळात पोहोचवले, तिच्या मालकाच्या नावे एखाद्या गरजूच्या औषधपाण्याला हातभार लावणे हीसुद्धा आठवणच आहे.

पण आमचा सल्ला विचाराल तर आधी भावंडांचा मशवरा करा आणि मग या आठवड्यात एक पिशवी, एक चिठ्ठी, एवढ्याने सुरुवात करा. अल्लाह हाताला बरकत देवो आणि घरातल्या नात्यांना सलामत ठेवो. आमीन.