पाहुणी भाषा आणि यजमानाची जबाबदारी

ऑक्टोबर २०२५ मध्ये रेडिस या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमधील एक सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. तीव्रतेच्या मापनात तिला १० पैकी १० गुण मिळाले. विझ या कंपनीच्या संशोधकांना सापडलेला हा दोष सुमारे १३ वर्षे दडून होता. दुरुस्त आवृत्त्या त्याच महिन्यात आल्या. प्रश्न मात्र तेवढ्याने मिटत नाही.

दोष होता रेडिसमध्ये बसविलेल्या लुआ या स्क्रिप्टिंग भाषेच्या यंत्रणेत. १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली ही छोटी, चपळ भाषा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सहज सामावते. त्यामुळे व्हिडिओ गेमपासून वेब सर्व्हरपर्यंत तिचा संचार आहे. रेडिसने २०१२ मध्ये ती स्वीकारली. माहिती बाहेर आणून, तपासून परत पाठविण्यापेक्षा छोटी स्क्रिप्टच आत धाडली, तर वेळ वाचतो आणि मध्ये दुसरी कोणतीही आज्ञा घुसत नाही.

परक्या स्क्रिप्टला आवर घालण्यासाठी सँडबॉक्सचे कुंपण असते. परंतु कुंपण ज्या जमिनीवर उभे, तीच भुसभुशीत निघाली. वापरून झालेली मेमरी परत घेणाऱ्या गार्बेज कलेक्टरला चकवून, मोकळी झालेली मेमरी पुन्हा वापरता येत होती. त्या वाटेने स्क्रिप्ट थेट सर्व्हरवर ताबा मिळवू शकत होती. हल्लेखोराला आधी रेडिसमध्ये प्रवेश हवा, हे खरे. पण इंटरनेटवर उघड्या असलेल्या सुमारे ३,३०,००० रेडिस सर्व्हरांपैकी ६०,००० सर्व्हरांना पासवर्डच नसल्याचे संशोधकांनी नोंदविले.

यातील खरा धडा देखभालीचा आहे. रेडिसमधील लुआ ५.१ श्रेणीची, त्या श्रेणीची शेवटची आवृत्ती २०१२ मधील. मूळ कर्ते पुढच्या आवृत्त्यांकडे वळले. यजमानाला मात्र तसे वळणे सोपे नसते, कारण भाषा बदलली की ग्राहकांनी लिहिलेल्या असंख्य स्क्रिप्ट मोडण्याची भीती असते. अशा वेळी जुन्या भाषेची डागडुजी यजमानाच्याच माथी येते.

स्क्रिप्टची गरज नसेल तेथे ‘इव्हॅल’ आणि ‘इव्हॅलशा’ या आज्ञांवर निर्बंध घालणे, पासवर्ड सक्तीचा करणे आणि सर्व्हर खासगी नेटवर्कमध्ये ठेवणे, हे तातडीचे उपाय. नव्या उत्पादनात भाषा बसविण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी मात्र आणखी एक प्रश्न आधीच विचारायला हवा: दहा वर्षांनी तिची काळजी कोण घेणार? उत्तर नसेल, तर आजची सोय हे उद्याचे कर्ज ठरेल.