पिशवी उघडून पाहा

खर्ड्यातल्या एखाद्या आजीच्या पिशवीत जामखेडच्या डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, नगरच्या डॉक्टरांच्या साखरेच्या आणि दुकानातून आणलेल्या गुडघेदुखीच्या, अशा सगळ्या एकत्र असतात. दुखण्याची गोळी रक्तदाब वाढवू शकते, मूत्रपिंडाला इजा करू शकते. एकच औषध दोन नावांनी पोटात जाते. चक्कर येऊन आजी पडल्या आणि खुबा मोडला, की घर कर्जात जाते. त्यापुढे अर्धा तास गोळ्या तपासण्याचा खर्च तो किती? हे काम गावातच होऊ शकते: याच जामखेड तालुक्यात १९७० साली सुरू झालेल्या आरोळे दांपत्याच्या आरोग्य प्रकल्पाने गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. तसेच आता आशाताईंनी गोळ्यांच्या पिशव्या गोळा कराव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्या तपासाव्यात. घरच्यांनी मनाने गोळ्या बंद करू नयेत. डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला सगळ्या सोबत न्याव्यात.