ताबा का सुटला ?

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर किंवा पेण-महाडच्या दरम्यान एखादी मोटार झाडावर आदळते, आतली माणसे जागच्या जागी गतप्राण होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक ठरलेले वाक्य छापून येते : 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.' हे वाक्य आम्हीही वर्षानुवर्षे छापत आलो आहोत आणि आज आम्हांला त्याची लाज वाटते. कारण सांगितल्याचा त्यात केवळ भास आहे. ताबा सुटला, पण का सुटला ? चालक मद्य प्यालेला होता ? गांजाच्या अंमलाखाली होता ? की रात्रभर जागून मुंबईहून निघालेल्या त्या माणसाचा पहाटे डोळा लागला ? की अंधारात अकस्मात खड्डा समोर आला ? मेलेल्या चालकाला हे विचारता येत नाही, पण त्याच्या रक्ताला विचारता येते. ते आपण नियमाने विचारीत नाही, ही आमची आजची तक्रार आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर चालक गुन्हेगार ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत चढला. पोलिसाने श्वास केव्हा तपासावा, डॉक्टराने रक्त केव्हा काढावे, हे २०३ आणि २०४ या कलमांत सांगितले आहे. पण हा सारा सरंजाम जिवंत माणसासाठी आहे. मृताला यंत्रात फुंकर मारावयास सांगता येत नाही, आणि चालक मेला म्हणजे त्याच्यावरील फौजदारी खटलाही त्याच्याबरोबर संपतो. शवविच्छेदन होते, परंतु मृत चालकाचे रक्त मद्यासाठी आणि अंमली द्रव्यांसाठी तपासलेच पाहिजे, असे बंधन हा कायदा कोणावरही घालीत नाही. शिक्षा द्यावयाची नाही, मग तपासावयाचे कशाला, असा हा हिशेब आहे. जणू शिक्षेपलीकडे सत्याला काही उपयोगच नाही !

या हिशेबाचे फळ सरकारी आकड्यांत दिसते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी मद्य वा अंमली द्रव्ये हे कारण नोंदले गेले ते सुमारे अडीच टक्के मृत्यूंच्या बाबतीत. अमेरिकेत मृत चालकांच्या रक्ताचे निष्कर्ष देशभर एकत्र केले जातात. तेथे त्याच वर्षी दहांपैकी तीन मृत्यूंशी मद्यधुंद चालकाचा संबंध आढळला, आणि तोही आपल्याहून कितीतरी सैल मर्यादा धरून ! आपल्याकडे मद्याला न शिवणारांची संख्या मोठी आहे, हे आम्ही जाणतो; दोन देशांचे आकडे एकाच तागडीत घालता येत नाहीत. पण शनिवारी सायंकाळी नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगर येथे उतरणाऱ्या मोटारींचा ताफा आणि रविवारी रात्री त्यांची परतीची घाई ज्याने पाहिली आहे, त्याला या अडीच टक्क्यांवर विश्वास ठेवणे जड जाईल. ज्याची मोजणीच केली नाही ते थोडे भरणारच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हृदयाला भिडणारा आहे. घरातला कर्ता पुरुष गेला. आता त्याच्या रक्तात काय होते ते शोधून त्याच्या विधवेची अब्रू आणि विम्याचे पैसे दोन्ही कशाला घालवता? ही भीती खोटी नाही. परंतु तपासणी टाळल्याने ती टळते काय ? दिल्लीतील २००७ च्या एका अपघातावरून चाललेल्या विम्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निर्णय दिला, की श्वासाची वा रक्ताची तपासणी झालेली नसली, तरी चालक मद्याच्या अंमलाखाली होता हे विमा कंपनी इतर परिस्थितीवरून सिद्ध करू शकते. म्हणजे कोऱ्या कागदाचा आधार कुटुंबाला नाहीच. उलट ज्याने थेंबही घेतला नव्हता, त्याच्याविषयी गावात कुजबुज झाली, तर त्याची बाजू कोण मांडणार ? मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रखडले. त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचा आणि अर्धवट वळणांचा दोष मेलेल्या चालकाच्या माथी मारणे यासारखी सोयीची गोष्ट नाही. निर्मळ रक्ताचा एक दाखला पुढे आला, की ही सोय संपते आणि प्रश्न रस्ता बांधणाराकडे वळतो. आमच्या मते या तपासणीची सर्वांत अधिक निकड आहे ती अशा निरपराध मृतांसाठी.

मात्र ही तपासणी कशीतरी उरकून चालणार नाही. कोकणच्या दमट उष्म्यात प्रेत काही तास पडून राहिले, की कुजण्याच्या क्रियेतूनच मद्यार्क निर्माण होऊ शकतो आणि न पिणाराही प्यालेला ठरावयाचा. म्हणून रक्त छातीतून न घेता मांडीच्या शिरेतून घ्यावे लागते, कुपीत सोडियम फ्लोराइड घालावे लागते, ती थंड ठेवावी लागते. शंका असल्यास डोळ्यातील द्रव अधिक खरे बोलतो. गांजाचे अंश तर रक्तात वा लघवीत दिवसेंदिवस रेंगाळतात. ते आढळले म्हणजे अपघाताच्या क्षणी नशा होतीच, असे म्हणता येत नाही. अहवाल लिहिणाराला हा विवेक हवा.

आणि कुपीवर पहारा हवा. धुळ्याकडील एका मोटार अपघाताचा खटला १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा चालकाच्या रक्ताची कुपी रसायन-तपासनिसाकडे पोहोचेपर्यंत कोठे व कशी ठेवली होती, हाच वादाचा मुद्दा होता. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात एका मोटारीने दोघांचे बळी घेतले आणि चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. साठ वर्षे लोटली, कुपीची चिंता तीच ! जिवंताच्या रक्ताची ही कथा. मृताच्या रक्तासाठी तर तक्रार करणाराही जागेवर नसतो.

रायगड जिल्ह्याने याचा प्रारंभ करावा, अशी आमची मागणी आहे. अपघातात मेलेल्या प्रत्येक चालकाचे, आणि पादचाऱ्याचेही, रक्त शवविच्छेदनाच्या वेळीच घेतले जावे, मग ते अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात होवो वा तालुक्याच्या रुग्णालयात. नमुना मोहोरबंद होऊन ठराविक दिवसांत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचावा. व्यक्तीचा अहवाल तपास अधिकारी, न्यायालय आणि कुटुंब यांच्यापुरताच राहावा; आमच्यासारख्या वृत्तपत्रांच्या हाती तो पडू नये. नावे वगळून आकडे मात्र दर वर्षी प्रसिद्ध व्हावेत.

तोपर्यंत आमच्या बातमीदारांना आम्ही एक सूचना दिली आहे. 'ताबा सुटला' हे शब्द अपघाताचे कारण म्हणून यापुढे या पत्रात छापले जाणार नाहीत. त्या ठिकाणी 'कारण तपासलेले नाही' असे लिहिले जाईल.