झिजलं आणि मेलं

पंपाचा शाफ्ट झिजला म्हणून अख्खा पंप, आणि पंपासोबत चांगलं चालणारं इंजिनही बदलून टाका, असं सांगणाऱ्या माणसाशी माझं भांडण आहे. तो माणूस दुकानाच्या गल्ल्यावर असतो, योजनेच्या कागदात असतो आणि खरं सांगायचं तर कधी कधी आपल्याच घरात पाटावर जेवायला बसलेला असतो.

आमचं वावर देवळी तालुक्यात, यशोदेच्या काठाला. काठावर बाबांनी बसवलेलं इंजिन आहे, राजकोटी बनावटीचं, लिस्टर धाटणीचं. मूळ लिस्टर इंग्लंडातल्या डर्स्ली गावचं. दोन जड चाकं, सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला साडेसहाशे फेरे. त्याच धाटणीची इंजिनं राजकोटच्या कारखान्यांनी देशभर पोचवली. त्यावरून पट्टा जातो पंपाच्या पुलीवर. विहिरीवर विजेची मोटर आहेच, पण शेतीची लाइन कधी दिवसा, कधी मध्यरात्री. साप-विंचवाच्या अंधारात दांडाला पाणी फिरवायला कोण जाणार? म्हणून इंजिन ठेवलं. जुनं आहे म्हणून नाही ठेवलं, उपयोगाचं आहे म्हणून ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या वस्तूची बाजू घेतली की लोक लगेच आपल्याला आठवणीत रमलेला म्हातारा समजतात.

त्या वर्षी गहू पेरून अठरा दिवस झाले होते. गव्हाला एकविसाव्या दिवसाच्या आसपास पाणी लागतंच, तेव्हा त्याची मुकुटमुळं फुटतात. ते पाणी हुकलं तर फुटवे कमी, आणि पुढे कितीही पाणी पाजा, गेलेला फुटवा परत येत नाही. इंजिन चालू केलं तर पंप पाणीच धरेना. फुटव्हॉल्व्ह, ज्याला गावात सगळे फुटबॉलच म्हणतात, तो काढून पाहिला, तो ठीक. ग्लँडमधून मात्र पिचकारी. दोरी नवी भरली, आवळली. तासाभरात पुन्हा तेच. आणखी आवळली. पट्टा घसरायला लागला, ग्लँडला हात लावला तर चटका बसला. शेवटी पंप उघडला. शाफ्टवर जिथे दोरी घासते तिथे बोट बसेल अशी खाच पडलेली.

तो शाफ्ट घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने हातात घेऊन बघितलासुद्धा नाही. "दादा, हे मॉडेल बंद झालं. शाफ्ट सुटा मिळत नाही. आता असं कोणी दुरुस्त करत नाही. इंजिनसकट नवीन सेट घ्या, पस्तीस हजारात बसवून देतो." कधी बसवणार? "आठ-दहा दिवसांत माल येईल." गव्हाकडे तीन दिवस होते.

बंद झालं कोणी? चालत्या वस्तूला बंद म्हणायचा अधिकार यांना दिला कोणी? हा राग मनात घेऊन मी तिथून टर्नरमामाकडे गेलो.

मामाचा लेथ म्हणजे आमच्या भागाच्या कापसाचा इतिहास. विदर्भातल्या गावोगावी लेथ आले ते काही शेतकऱ्याच्या पंपासाठी आले नाहीत. जिनिंगसाठी आले. जिनातले रोलर, त्यांचे शाफ्ट, पुल्या, बुश, हे सगळं ऐन कापसाच्या हंगामात झिजायचं आणि रातोरात उभं करून द्यावं लागायचं. मामा पुलगावच्या गिरणीत हे काम शिकले. गिरणी बंद पडली, माणूस शिल्लक राहिला.

मामांनी शाफ्ट पुसला, खाचेवर नख फिरवलं.

"दोरी कोन आवळते एवढी?"

"मीच."

"गळू द्याव लागते तिले भाऊ. थेंब थेंब. नाई गळलं तं समजा शाफ्ट घासून रायला." मग म्हणाले, "मेला नाई हा. झिजला हाय."

म्हणजे गुन्हेगार मीच होतो. पावसाळ्यानंतर नदीचं पाणी बारीक रेती घेऊन येतं, ती दोरीत रुतते. त्यावर मी पान्याने आवळत गेलो. मग ती दोरी राहत नाही, कानस होते. ग्लँडमधून थेंब पडतो तो गळका कारभार नसतो, त्याच पाण्याने शाफ्ट थंड राहतो. वीस वर्षं पंप चालवून मला हे माहीत नव्हतं. आणि मला ते सांगितलं नवा सेट विकणाऱ्याने नाही, जुना शाफ्ट दुरुस्त करणाऱ्याने. नवीन पंप घेतला असता तर त्याचीही दोरी मी तशीच आवळली असती.

पुढचं काम मी उभा राहून पाहिलं. आधी शाफ्ट रॉकेलमध्ये बुडवला, कोरडा पुसला, वर खडूची पूड चोळली. कुठे तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर रेघ उमटते. चावीच्या गाळ्याच्या कोपऱ्यात मामांनी भिंग लावून पाहिलं, कारण शाफ्ट तुटतो तो बहुधा तिथूनच. रेघ नाही. मग दोन सेंटरमध्ये धरून फिरवला, वाकलेला नाही. मी म्हटलं, वेल्डिंगने भरून टाका खाच. मामा नाही म्हणाले. भरता येतं, पण एका बाजूने उष्णता लागली की शाफ्ट वाकतो, मग तो सरळ करत बसा. त्यांनी खाचेचा भाग कातून साफ केला, बत्तीसचा अठ्ठावीस मिलिमीटर. कोपरा धारदार न ठेवता गोल ठेवला. स्लीव्ह कातली, तिचं भोक शाफ्टपेक्षा केसभर लहान ठेवलं, ती तापवली आणि सरकवली. थंड होताना तिनं शाफ्ट असा पकडला की आता तो तिचाच. मग वरून पुन्हा बत्तीसला आणून पॉलिश पेपरने आरशासारखा केला.

इंजिनियर माणूस इथे बोट ठेवेल, आणि त्याने ठेवावंच. पिळाला तोंड देण्याची शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने बदलते. बत्तीसचा अठ्ठावीस केला म्हणजे त्या जागी एक तृतीयांश ताकद गेली. मामांना घन-बिन माहीत नाही, पण सव्वीसपर्यंत कातायला ते तयार नव्हते आणि का नव्हते ते त्यांना पक्कं माहीत होतं. सहा हॉर्सपॉवरच्या पंपाला उरलेली ताकद पुरून उरते.

दोन बेरिंगांसकट चौदाशे रुपये. एकविसाव्या दिवशी पाणी वावरात.

माझा पुतण्या पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, "काका, तुमच्या दोन दिवसांचे पैसे धरा की. नवीन पंपाला डिझेलही कमी लागलं असतं." डिझेलचा मुद्दा काही वेळा खरा असतो, मान्य. पण दिवसांचा हिशोब त्यानेच करावा. दुरुस्तीला दोन दिवस गेले, नव्याला आठ-दहा लागणार होते.

मी हट्टाने प्रत्येक वस्तू दुरुस्तच करा म्हणणारा नाही. कोकणात एका स्नेह्याकडे होडीचं जुनं आउटबोर्ड यंत्र आहे. त्याचा उभा शाफ्ट वरच्या टोकाला, जिथे दात्यांनी इंजिनात अडकतो, तिथे झिजला. माझा किस्सा ऐकून त्याने फोन केला, आपणही भरून घ्यावं का म्हणून. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "दाते गेले तं नवाच टाका म्हना. आमचा पंप बंद पडला तं मानूस घरी येते. त्याचा पडला तं दर्यात रायते." झिजण्याची जागा कोणती, तडा आहे का, तुटलं तर काय होईल, हे बघून ठरवायचं असतं. न बघता "बदला" म्हणणं हा निदान न करता पाय कापणं आहे.

जुगाडाचाही मी तितकाच शत्रू आहे. बेरिंग ढिली झाली की शाफ्टला पंच मारून खड्डे पाडायचे, नाहीतर पत्र्याची पट्टी सरकवायची, आणि वर व्हिडिओ काढून भारतीय बुद्धीचं कौतुक करायचं. चार तासांनी बेरिंग पुन्हा फिरते. दुरुस्तीला बदनाम केलं ते अशा लोकांनी.

आता योजनांकडे येतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकीचं सरकार देतं. पाच वर्षं दुरुस्तीची हमीही आहे. चांगलं आहे, मी सौरपंपाच्या विरोधात नाही. पण सहाव्या वर्षी काय? तो पंप बोअरमधून वर काढून उघडणारा माणूस तालुक्यात तयार होतो आहे का? नव्या वस्तूला लाखाने अनुदान आणि दुरुस्तीच्या चौदाशे रुपयांना शून्य. मग शेतकरी चालती वस्तू भंगारात घालेल नाही तर काय करेल?

हे सगळं वर्ध्यात बसून लिहावं लागतं याची मला जास्त लाज वाटते. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचा. किंमत १५० रुपयांच्या आत. वेळोवेळी निगा राखली तर यंत्र किमान २० वर्षं चाललं पाहिजे. आणि निगराणीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, पण अट बघा, यंत्र विकत घेण्याआधी त्याच्या दुरुस्तीची किंमत विचारली आहे. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, गांधीजींना विचारलं होतं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का. तेव्हा त्यांनी शिलाई यंत्राचं उदाहरण दिलं, आणि चरख्याची वाकडी चाती सरळ करणाऱ्या यंत्राचं स्वागत करू असं सांगितलं. चाती लोहारानेच करावी, पण ती वाकली तर सरळ करायचं साधन प्रत्येक कातणाऱ्याच्या घरी असावं. चाती म्हणजे काय हो, शाफ्टच की.

१९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ याच वर्ध्यात निघाला, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभं राहिलं. आम्ही तिथे शाळेच्या सहली नेतो, फोटो काढतो, आणि बाहेर येऊन "इंजिन बदलून टाका" म्हणतो. ग्रामस्वराज्यावर तासभर बोलणारे वक्ते मी पुष्कळ ऐकले. त्यातल्या एकाच्याही हाताला ग्रीस लागलेलं पाहिलं नाही.

दिल्लीत ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारंही आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला, की शेतीयंत्राचे सुटे भाग, माहिती आणि हत्यारं कंपनीने शेतकऱ्याला द्यावीत. आपल्याला एवढंही नको, निदान अनुदानात जाणाऱ्या प्रत्येक पंपासोबत त्याच्या शाफ्टच्या मापाचा एक कागद द्या. मामाला तेवढा पुरतो.

मामाला, म्हणजे मामा आहे तोवर. त्यांचा मुलगा बुटीबोरीत कारखान्यात आहे, संगणकावर चालणाऱ्या लेथवर. पाळीला ढिगाने नवे शाफ्ट करतो, दुरुस्त एकही करत नाही. यंदा इंजिनच्या बाजूची बेरिंग आवाज करायला लागली म्हणून मागच्या आठवड्यात गेलो तर दुकानाला कुलूप. फोन लावला. मामा पोराकडे आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. "आठ दिवसांनी येतो भाऊ, तवर चालवू नका," म्हणाले. गव्हाचं पाणी सहा दिवसांवर आहे.