भिंतीवर ‘शुगर बोर्ड’, व्हरांड्यात शीतपेय

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. त्या परिपत्रकानुसार ४ ते १० वर्षे वयोगटातील मुलांच्या दैनंदिन उष्मांकांपैकी १३ टक्के, तर ११ ते १८ वयोगटात १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात. शिफारस मात्र ५ टक्क्यांची आहे. एकेकाळी प्रौढांचा मानला जाणारा टाइप-२ मधुमेह मुलांमध्ये वाढत असल्याची नोंदही त्यात आहे.

फलक उपयुक्त आहे, पुरेसा नाही. ३३० मिलिलिटर कोलाच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे १४० किलोकॅलरी. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे अवघी २५ ग्रॅम साखर. मधल्या सुट्टीतला एकच डबा दिवसभराची मर्यादा ओलांडतो. शिवाय द्रवरूप साखरेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही. त्यामुळे पुढच्या जेवणात तेवढी घट होत नाही.

हा वाद दिल्लीला नवा नाही. उदय फाउंडेशनने २०१० मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये निकाल दिला. पुढे एफएसएसएआयचे २०२० चे विनियम आले. मेद, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास त्यांनी मनाई केली. महाराष्ट्राने शालेय उपाहारगृहांपुरता असा निर्णय २०१७ मध्येच घेतला होता.

गुरुग्राम-नोएडात हेच पेय काही मिनिटांत घरपोच मिळते, मग बंदीने काय साधणार, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. तथापि शाळेच्या आवारात जे विकले जाते, त्याला शाळेची मूक संमती लाभते. वर्गात पोषणाचा पाठ आणि व्हरांड्यात शीतपेयाचे यंत्र असेल, तर विद्यार्थ्याच्या मनावर कोणता पाठ ठसेल?

दोष यंत्राचा नाही, त्यात भरलेल्या मालाचा आहे. त्यातून फुटाणे, शेंगदाणे, बिनसाखरेचे ताकही मिळू शकते. पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या दिल्लीत थंड, स्वच्छ पाणी विनामूल्य मिळणे तर त्याहून महत्त्वाचे. तहानेला पर्याय नसला की शीतपेयाचा खप आपोआप वाढतो.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. बाटलीवरील १०० मिलिलिटरमागील साखरेचे प्रमाण पाहावे, त्यावरून संपूर्ण बाटलीतील साखर काढावी आणि तो आकडा फलकावर लिहावा. तो आकडा समोर असताना यंत्रात काय ठेवायचे, या प्रश्नाला शाळेला बगल देता येणार नाही.