आरोग्य योजना सर्वांसाठी, मग औषधांचा खर्च खिशातून का?

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांसाठी लागू झाली. आधी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती. आता पांढरे रेशनकार्ड असलेली कुटुंबेही तिच्यात आली. दर वर्षी कुटुंबामागे मिळणारे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत घेतले.

तेव्हापासून दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "डॉक्टर, आता सगळ्यांना मोफत आहे ना? मग माझ्या शुगरच्या गोळ्या या कार्डावर का मिळत नाहीत?" सरकारी पैशातून सर्वांना आरोग्यसेवा मिळावी की नाही, या वादाचे मूळ याच प्रश्नात आहे.

योजनेत नेमके काय मिळते?

या दोन्ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. यादीत ठरवून दिलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचार तिथे मोफत होतात. अँजिओप्लास्टी, कर्करोगाचे अनेक उपचार, डायलिसिस ही त्यातली नेहमीची उदाहरणे. घरी सोडल्यानंतर थोड्या दिवसांची औषधेही मिळतात.

बाह्यरुग्ण विभागातली साधी तपासणी, दर महिन्याच्या गोळ्या, रक्ताच्या नियमित चाचण्या यांचा खर्च त्यात येत नाही. बहुतेक घरांत आजारपणाचा पैसा नेमका इथेच जातो. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला वर्षाचे बारा महिने औषध लागते. परवडत नाही म्हणून तो एक दिवसाआड गोळी घेऊ लागला, तर काही वर्षांनी मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढतो. तशी वेळ आली तर डायलिसिस योजनेत बसते. ती वेळ टाळणारी गोळी बसत नाही.

वाद कशाचा आहे?

पैसे नसल्यामुळे कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहू नये, हा विचार भारतात नवा नाही. भोर समितीने १९४६ मध्येच तो मांडला होता. आजचा वाद मुख्यतः मार्गाबद्दल आहे.

पहिली बाजू म्हणते, सरकारने खर्चाची हमी घ्यावी आणि रुग्णाने सरकारी किंवा खासगी, कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात जावे. यात रुग्णालये नव्याने उभारण्याची वाट पाहावी लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जमीन विकण्याची किंवा सावकाराकडे जाण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येत नाही, हा फायदा खरा आहे.

दुसरी बाजू म्हणते, तोच पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांवर खर्च करा. ज्या तालुक्यात अंगीकृत रुग्णालयच नाही, तिथे पाच लाखांचे कार्ड घेऊन रुग्णाने जायचे कुठे?

तिसरी बाजू खासगी डॉक्टरांची आहे. ठरवलेले दर खर्चाला पुरत नाहीत आणि पैसे उशिरा मिळतात, ही त्यांची जुनी तक्रार. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथले खासगी डॉक्टर संपावर गेले. तातडीच्या उपचारांचे पैसे कोण आणि कधी देणार, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. तो उडवून लावण्यासारखा नाही. दर परवडत नसतील तर रुग्णालये योजनेतून बाहेर पडतात किंवा रुग्णाकडून वरचे पैसे मागतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये रुग्णच भरतो आहे. त्याच वर्षी सरकारचा आरोग्यावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे उद्दिष्ट २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे होते.

थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी योजना आणली, तेव्हा तिच्यात बाह्यरुग्ण सेवा आणि औषधेही होती. सुरुवातीला एका भेटीला ३० बाह्त भरावे लागत. त्याआधी अनेक वर्षे त्या देशाने जिल्ह्या-जिल्ह्यांत रुग्णालये उभारली होती आणि डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली होती. योजना चालली ती या पायावर.

म्हणून माझे मत असे: पाच लाखांची हमी आवश्यक आहे, ती काढून घेऊ नये. पण यापुढे वाढणारा प्रत्येक रुपया आधी गावाजवळच्या केंद्रातल्या औषधांवर आणि माणसांवर जावा. संरक्षणाची रक्कम वाढवल्याची घोषणा मोठी वाटते, पण रक्तदाबाची गोळी दर महिन्याला वेळेवर मिळाली तर अर्धांगवायूचे अनेक झटके टळतील.

तोपर्यंत तुम्ही काय करावे?

• रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचा उपचार यादीत आहे का, हे शक्यतो भरती होण्याआधीच विचारा. अंगीकृत रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, आधी त्याला भेटा.
• रेशनकार्ड आणि आधारकार्ड तयार ठेवा. घरात सत्तरीपुढचे कोणी असेल तर त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवा.
• योजनेतल्या उपचारासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकावर तक्रार करा.
• मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा 'आपला दवाखाना'मध्ये चौकशी करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.
• औषध संपले आणि पैसे नाहीत, अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बहुतेक वेळा स्वस्त जेनेरिक पर्याय असतो, आणि तो विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.